‘ब्रह्मास्त्रा’ची मराठी

आमच्या डिचोली-पेडण्याच्या मराठी घरांतून ॲड. उदय भेंब्रे यांचे नाव निघाले, की पहिली प्रतिक्रिया वाङ्मयीन नसते. ती राजकीय असते, आणि बहुधा नाराजीची असते. जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरुद्ध लिहिणारे, विधानसभेत कोंकणीचे विधेयक आणणारे, ‘सुनापरान्त’ या कोंकणी दैनिकाचे संपादकपद सांभाळणारे भेंब्रे आमच्याकडे ‘पलीकडचे’ मानले जातात. ते मानणे चूक आहे असे मी म्हणत नाही. ते स्वतःही आपल्याला अलीकडचे म्हणवून घेणार नाहीत. परंतु या एका कारणासाठी गोव्यातील मराठी वृत्तपत्रीय गद्याचा विचार करताना आपण त्यांना बाजूला ठेवतो, आणि तेथे आपलेच नुकसान होते. कारण ज्या सदराने त्यांचे नाव गोवाभर केले, ते ‘ब्रह्मास्त्र’ कोंकणीत नव्हते. ते मराठीत होते. मराठी दैनिकात, मराठी वाचकासाठी, मराठी वाचकाचे मन वळवावे याच हेतूने लिहिलेले होते.

भेंब्रे यांचा जन्म १९३९ चा. वडील लक्ष्मीकांत भेंब्रे हे गोवा मुक्तिलढ्यातील सत्याग्रही. १९४६ नंतर ज्यांना पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले त्यांपैकी एक. मुलाचे उच्च शिक्षण मुंबईस झाले, कायद्याची पदवी झाली. पुढे वकिली, वृत्तपत्र, विधानसभा, गीतलेखन, नाटक अशी कामे एकाच माणसाने केली. आपल्याकडे हा प्रकार नवा नव्हे. न. चिं. केळकर वकील होते आणि ‘केसरी’च्या कचेरीत बसून नाटके लिहीत होते. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरही कायद्याचे पदवीधर, त्यांच्या पत्रात राजकारण आणि रंगभूमी हातात हात घालून चालत. कायदा शिकलेला माणूस वृत्तपत्रात आला की तो मुद्दा नेमका पकडतो, आणि गाण्यानाटकाची आवड असली की त्याच्या गद्याला कानही असतो. मात्र केळकर-कोल्हटकरांना भांडण आणि लालित्य एकाच भाषेत करता आले. भेंब्रे यांनी भांडण मराठीत केले आणि गाणे कोंकणीत लिहिले. गोव्यातील वाचकाला हा फरक किती खोल आहे हे सांगावे लागत नाही. बेळगाव-कारवारकडच्या वाचकासाठी त्याची थोडी पार्श्वभूमी देणे भाग आहे.

१९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा हा त्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम. विरोधी युनायटेड गोवन्स पक्षाला गोवा वेगळा हवा होता. निवडणुकीच्या निकालावरून विलीनीकरण ठरवू नये, लोकांना तो एकच प्रश्न वेगळा विचारावा, असे अखेर ठरले. संसदेने कायदा केला, कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर सरकार पायउतार झाले, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. अंतर ३४,०२१. पेडणे, डिचोली, सत्तरी या आमच्या तालुक्यांनी फुलालाच बहुमत दिले होते. त्याच सुमारास बेळगावचा प्रश्न महाजन आयोगापुढे होता. ज्या सीमाभागाला महाराष्ट्रात जायचे होते त्याला मतदान मिळाले नाही, आणि ज्याला मतदान मिळाले त्याने नकार दिला. आपल्या सीमाभागातल्या जुन्या पिढीच्या मनात गोव्याविषयी जो एक सल आहे तो येथला आहे.

आता वृत्तपत्रांकडे येऊ. मराठी वाचणाऱ्या गोमंतकीयांत तेव्हा ‘गोमन्तक’ हे दैनिक मातब्बर होते, आणि ते विलीनीकरणाच्या बाजूचे होते. मडगावचे ‘राष्ट्रमत’ दुसऱ्या बाजूचे. ‘राष्ट्रमता’ची अडचण अशी की ज्याला मराठी वाचता येते तो वाचक साधारणपणे विलीनीकरणवादी असणार, हे गृहीतच होते. कोंकणीत लिहून तो हाती लागणार नव्हता, कारण घरी कोंकणी बोलणारा हिंदू गोमंतकीय कागदावर आला की मराठीत येई. आमच्या मयेच्या घरांतून आजही हे चालते. चवथीला घुमटावर आरती मराठीत, आणि आरती संपून पातोळ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या की सगळे कोंकणीत. तेव्हा मराठीपासून वेगळे राहा असे नव्हे, महाराष्ट्रापासून वेगळे राहा, हे सांगायचे तर ते मराठीतूनच सांगावे लागणार होते. ‘ब्रह्मास्त्र’ याच कामासाठी जन्मले.

नावापासूनच पाहा. ज्याने दशावतार पाहिला आहे, कीर्तन ऐकले आहे, त्यालाच हे नाव भिडते. ते सुशिक्षितांच्या चर्चेचे नाव नाही. देवळाच्या मंडपात रात्र जागवलेल्या माणसाला हाक मारणारे आहे. म्हणजे सदराचे लक्ष्य कोण, हे शीर्षकातच ठरलेले होते. सदराचा सूर प्रखर होता आणि त्याचे काम प्रतिवादाचे होते. पण प्रखर लिहिणारे त्या काळी पैशाला पासरी होते. ‘ब्रह्मास्त्रा’चे वेगळेपण मला त्याच्या वकिली शिस्तीत दिसते.

दिवाणी दावा चालू होण्याआधी न्यायाधीश वादमुद्दे काढतात. पक्षकाराची तक्रार दहा गोष्टींची असते. त्यातली कोणती गोष्ट या दाव्यात ठरायची आहे हे आधी निश्चित होते. अर्धा दावा तेथेच जिंकला किंवा हरला जातो, असे जुने वकील सांगतात. मगो पक्षाच्या राजकारणात मराठी, कुळाची जमीन, बहुजनांचा मान, भाटकारशाहीचा शेवट आणि महाराष्ट्रातील विलीनीकरण या पाच गोष्टी एका मोळीत बांधलेल्या होत्या. मोळी घट्ट होती, कारण बांधणारा हात बांदोडकरांचा होता. विलीनीकरणविरोधी मराठी लेखनाने त्या मोळीतून एकच काठी ओढून काढली. मराठी हवी? ठेवा. बांदोडकर हवेत? तेही ठेवा. प्रश्न फक्त एवढाच, की गोव्याचा कारभार गोव्यात राहावा की मुंबईहून चालावा. हे वादमुद्दे काढण्याचे काम झाले, आणि ते झाले याचा पुरावा मतपेटीतच आहे. जानेवारीत गोव्याने विलीनीकरण नाकारले आणि मार्चमधल्या विधानसभा निवडणुकीत पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिले. ज्यांना दोन पाने आणि बांदोडकर यांत विसंगती वाटली नाही असे मतदार हजारोंनी होते. त्यांना ती वाटू नये, हेच तर त्या लेखनाचे यश.

श्रेय एकट्या सदराला देणे अर्थात अतिशयोक्तीचे होईल. चंद्रकांत केणी यांच्यासारखे संपादकीय बळ मागे होते, कलापथके गावोगाव फिरत होती, ख्रिस्ती समाजाचा कौल बहुतांशी ठरलेलाच होता. परंतु काठावरचा मराठीवाचक हिंदू मतदार हलला नसता तर ३४ हजारांचे अंतर दिसले नसते, आणि त्याच्यापर्यंत पोचणारी भाषा मराठीच होती.

या गद्याचे मूळ कोठे? माझा एक तर्क आहे. भेंब्रे यांच्या पिढीचे जे गोमंतकीय विद्यार्थी मुंबईस शिकले, त्यांनी संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन डोळ्यांदेखत पाहिले. १९५६ साली सुरू झालेल्या आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ने त्या काळात वृत्तपत्रीय भांडणाचा एक नवा साचा घालून दिला होता. प्रतिपक्षाचे नाव घेऊन घाव घालायचा, वाचकाला सभेतल्या श्रोत्यासारखे धरून ठेवायचे, आणि कंटाळा येऊ द्यायचा नाही. महाराष्ट्र एक करण्यासाठी मराठीने जे शस्त्र परजले, तेच गोव्यात महाराष्ट्राशी न जोडले जाण्यासाठी वापरले गेले. मराठीच्या अभिमान्याला हे कडू वाटेल. मला मात्र यात मराठीचे सामर्थ्यच दिसते. जी भाषा केवळ तिच्या स्तुतिपाठकांनाच वापरता येते ती कोर्टात चालत नाही आणि बाजारातही चालत नाही.

येथवर मी ‘ब्रह्मास्त्रा’च्या बाजूने बोललो. आता त्यातले उणे. काठी ओढून काढली की मोळी सैल होते. उरलेल्या चार काठ्यांचे काय, याची चिंता अशा लेखनाला नसते. आमच्या तालुक्यांनी फुलावर शिक्का मारला तो महाराष्ट्राच्या नकाशाकडे पाहून मारला, असे मला कधीच वाटले नाही. माझा जन्म कौलानंतरचा. पण ज्यांनी शिक्का मारला त्यांच्याच अंगणात मी वाढलो. त्यांच्या लेखी मराठी म्हणजे मुक्तीनंतर गावात आलेली पहिली सरकारी शाळा. पोर्तुगीज अमदानीत ज्यांच्या सात पिढ्यांना पाटी मिळाली नव्हती, त्यांना बांदोडकरांच्या काळात ती मराठीतून मिळाली. मराठी म्हणजे पोथी, नाटक, आणि भाटकाराच्या मुलाशी एका बाकावर बसण्याचा हक्क. विलीनीकरण हे त्या हक्काला लावलेले कुलूप होते. पुन्हा कोणी काढून घेऊ नये म्हणून.

मयेच्या माणसाला तर हे जास्तच कळते. आमच्या गावची जमीन ज्याच्या नावे होती तो मालक मुक्तीनंतर पोर्तुगालला निघून गेला आणि जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गोव्यात १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने इतरत्र कुळे मालक झाली, पण मयेकर कस्टोडियनच्या दारातच उभा राहिला. मालकीचा मार्ग मोकळा करणारा कायदा विधानसभेत यायला २०१४ साल उजाडावे लागले. ‘कस्टोडियन’ हा शब्द आमच्याकडे निरक्षर आजीलाही येई. ज्या गावात घराच्या पायाचा दगड हलवायचा तर कायद्याला विचारावे लागते, तेथे ‘तुमची ओळख जपा’ या आवाहनाला काय वजन असणार? ओळख जपण्याआधी जमीन हवी होती. कोंकणी चळवळीच्या लेखनात अस्मितेची चर्चा भरपूर आहे. फूल निवडणाऱ्या या माणसाच्या व्यवहारी शहाणपणाची दखल मला त्यात पुरेशी आढळत नाही. त्याला प्रचाराला भुललेला मानणे सोपे होते. ‘ब्रह्मास्त्र’ हे अस्त्र असल्यामुळे ते समोरच्याचे ऐकून घेण्यासाठी थांबू शकत नव्हते, ही त्या प्रकाराची मर्यादा मान्य केली तरी पुढच्या वीस वर्षांत थांबायला सवड होती.

ती वीस वर्षे आपल्याला कायद्याकडे आणतात. १९८४ च्या निवडणुकीत भेंब्रे मडगावातून अपक्ष म्हणून विधानसभेत गेले, आणि १९८५ साली कोंकणीला राजभाषा करण्याचे खासगी विधेयक त्यांनी मांडले. ते पुढे गेले नाही. पाठोपाठ आंदोलन पेटले, १९८६ च्या डिसेंबरात माणसे मेली, आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ३० मे रोजी, गोवा घटक राज्य बनले.

हा कायदा आपण मराठीवाद्यांनी एकदा शांतपणे वाचायला हवा. आपल्याकडे भाषणांतून ‘मराठी सहराजभाषा आहे’ असे सर्रास म्हटले जाते. कायद्यात तो शब्द नाही. देवनागरीतील कोंकणी ही राजभाषा. आणि सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी मराठीचाही वापर होईल, अशी तरतूद. ‘सर्व किंवा कोणत्याही’ या दोन टोकांच्या मध्ये सगळा वाद सामावला आहे. सरकारच्या मनात असेल तर मराठीला सर्व काही देता येते, आणि मनात नसेल तर फार थोडे देऊन भागते. हा मसुदा भेंब्रे यांच्या विधेयकाचा नव्हे, सरकारी तडजोडीचा आहे. परंतु सदरलेखक आणि कायदेकार यांच्या कामातला फरक त्यातून लख्ख दिसतो. सदराला एकच बाजू पुरते, आणि मतदानाच्या दिवसापर्यंतच टिकायचे असते. कायद्याला हरलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी आपल्याच छपराखाली वागवावे लागते. ज्या प्रश्नाचे दोन तुकडे ‘ब्रह्मास्त्रा’ने सफाईने केले होते, भाषा वेगळी आणि राज्य वेगळे, तो प्रश्न १९८७ मध्ये फिरून एकत्र आला. १९६७ ला मराठी वाचकाला मिळालेले आश्वासन हे की वेगळे राहून तुमची मराठी कोठे जात नाही. वीस वर्षांनी त्याला दिसले की राजभाषेच्या पाटावर तिला बाजूला सरकून बसायचे आहे. मराठीवाद्याच्या मनातला फसवणुकीचा भाव येथून येतो. त्या भावनेला उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांनी ते आश्वासन मराठीत दिले त्या पक्षाच्या लेखकांवर इतरांपेक्षा जास्त होती.

आणि तरीही हाच माणूस ‘चान्न्याचे राती’ लिहितो. उल्हास बुयांव यांच्या आवाजातले हे गीत माहीत नाही असा गोमंतकीय शोधून सापडणार नाही. डिचोलीतल्या कट्टर मराठी घरांतही ते गुणगुणले जाते, आणि गुणगुणणाऱ्याला पुष्कळदा कवीचे नाव ठाऊक नसते. आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतून दर दोन-तीन वर्षांनी ते हमखास येते. मुले चाल बसवतात, पालक टाळ्या वाजवतात, आणि त्या पालकांपैकी काहींनी आदल्याच महिन्यात मराठी राजभाषेच्या निवेदनावर सही केलेली असते. याला ढोंग म्हणण्याचे कारण नाही.

गीतात सदरलेखकाची एकही खूण नाही. विषय चांदण्या रात्रीचा, भाव हळवा, शब्द घरगुती आणि थोडे. जो लेखक गद्यात वाचकाला कोपऱ्यात गाठतो, तो येथे ऐकणाऱ्याकडून काहीच मागत नाही. कौलाच्या दिवसांत बुयांव आणि त्यांचे सोबती गावोगाव प्रचाराची गाणीही गात होते, आणि त्या गाण्यांनी सभा गाजवल्या. परंतु प्रचारगीत त्या प्रसंगाशी बांधलेले असते, प्रसंग सरला की ते चळवळीच्या स्मरणिकेत जाते. ‘चान्न्याचे राती’ला प्रसंगच नव्हता, म्हणून ते राहिले. वृत्तपत्रकाराच्या लेखनात सर्वांत टिकाऊ ते ठरावे ज्यात बातमी नाही, हे पुष्कळांच्या बाबतीत घडते.

येथे कोंकणीवादी म्हणतील, पाहा, मनातले लिहायचे झाले तेव्हा मातृभाषाच लागली. मराठी ही कागदाची भाषा. मला हे इतके सरळ वाटत नाही. भांडण ही काही मनाबाहेरची गोष्ट नाही. ज्या भाषेत माणूस शेजाऱ्याशी हिरिरीने वाद घालतो, त्याला पटवू पाहतो, त्याच्या पुराणकथांतून आपल्या लेखाचे नाव उचलतो, ती त्याची परकी भाषा कशी असेल? ‘ब्रह्मास्त्र’ मराठीत लिहिले जाऊ शकले, आणि ते लिहिल्याने मते हलली, यावरूनच मराठी ही गोव्यातली आगंतुक भाषा नव्हे हे सिद्ध होते. मराठीच्या गोमंतकीयत्वाचा इतका सज्जड पुरावा आमच्या बाजूच्या कोणाही लेखकाने दिलेला नाही. तो प्रतिपक्षाच्या वकिलाने दिला आहे, आणि आम्ही तो कधी दाखल करून घेतला नाही.

नाट्यलेखनाबद्दल एकच नोंद करतो. भेंब्रे यांना २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘कर्णपर्व’ या कोंकणी नाटकाला. पन्नास वर्षांपूर्वी मराठी सदराला नाव शोधताना जे महाभारत हाताशी आले, तेच उतारवयात कोंकणी नाटकाला विषय पुरवते झाले. भाषा बदलली, पण कथांची शिदोरी तीच राहिली, आणि ही शिदोरी गोव्याच्या दोन्ही भाषांना सामाईक आहे.

शेवटी शाळेविषयी, कारण या साऱ्याचा जमाखर्च आम्हा शिक्षकांच्या हजेरीपटावर होतो. १९९० साली शिक्षणमंत्री शशिकलाताई काकोडकर यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणीसारख्या भारतीय भाषांच्या माध्यमाशी जोडले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे ठरवले तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्याच्या अग्रभागी शशिकलाताई होत्या, आणि सोबत उदय भेंब्रे. बांदोडकरांची कन्या आणि ‘ब्रह्मास्त्रा’चा कर्ता एका व्यासपीठावर! ज्यांनी १९६७ पाहिले त्यांना हे दृश्य पचायला जड गेले असेल. मला ते पाहून एवढेच वाटले की मराठी आणि कोंकणी या दोघी पाटासाठी भांडत होत्या तेवढ्यात पाटच कोणी तिसऱ्याने उचलला. आज पालक प्रवेशाला येतात ते मराठी की कोंकणी असे विचारत नाहीत. ‘सर, इंग्लिश केन्नासून?’ एवढेच विचारतात, आणि विचारतात कोंकणीत.

अशा मुलांच्या हाती आठवी-नववीत मराठी गद्याचे वेचे देताना मला राजकीय वादाचे गोमंतकीय नमुने हवे असतात, आणि पाठ्यपुस्तकांत ते नसतात; टिळक-आगरकरांपाशी येऊन निबंध थांबतो. ‘ब्रह्मास्त्रा’तील एखादा लेख आणि त्याच आठवड्यातील ‘गोमन्तका’चा अग्रलेख शेजारी शेजारी ठेवले तर मुलांना दोन्ही बाजूंची मराठी दिसेल, कोठे युक्तिवाद आहे आणि कोठे नुसता आवाज हे त्यांचे त्यांना कळेल. दोन्ही दैनिकांच्या ऑक्टोबर १९६६ ते जानेवारी १९६७ या चार महिन्यांच्या अंकांचा असा जोडीने अभ्यास आमच्या तालुक्यातल्या एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने हाती घेतला, तर त्याला प्रबंधाचा विषय शोधत पुण्यापर्यंत जावे लागणार नाही. पणजीची बस पुरेल.